मात्सू आजी का हसली

४ फेब्रुवारी

मात्सू आजी आज हसली! एकदा नाही, दोनदा!

वादळात तिच्या, म्हणजे आमच्या समुद्रदेवीच्या, देवळाचं छप्पर गेलं, भिंती वाकल्या, तेव्हा नवं बांधायचं हे तर ठरलेलंच. पण आजीने आधीच कौल देऊन ठेवलाय – बांधा, पण जुन्याच मापाचं. आढं बोटभर वर नको, बोटभर खाली नको. आणि जुनं माप कुठे? आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मापकाठीवर. देऊळ आबांनी बांधलं, काठी आबांची. आबा गेले आणि काठी गायब. दादा म्हणतो ह्यांनी ढापली, हे म्हणतात दादाने. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

देवळाचे अध्यक्ष को यांनी सगळ्या गावासमोर कौल लावला. (यांचा बर्फाचा कारखाना आहे. डोकं मात्र कायम उकळतं.) "काठी चुइबोकच्या घरी आहे का?" चुइबोक म्हणजे माझा दादा. जमिनीवर टाकलेले कौलाचे दोन्ही लाकडी ठोकळे पालथे. नाही! "मग थिआमलाइच्या घरी?" म्हणजे आमच्या घरी. दोन्ही ठोकळे उताणे! उताणे म्हणजे आजीला हसू आलं; एक उताणा, एक पालथा पडला असता तर हो. परत टाकले. परत हसली.

दादा ओरडला, "हसली! नाही म्हणाली नाही, बघा!"

हे ओरडले, "अध्यक्ष, त्या माणसाला सांगा, मूर्ख प्रश्न विचारला की देवालाही हसू येतं!"

दोघांच्या मध्ये अंतर हातभर. तरी निरोप अध्यक्षांच्या मार्फत.

मी घरी येऊन सगळं घर पालथं घातलं. पलंगाखाली, तांदळाच्या रांजणामागे, माळ्यावर. काठी कसली, ह्यांच्या हरवलेल्या चपलेचा एक पाय मिळाला.

५ फेब्रुवारी

झोप नाही. विचार केला – काठी एवढी कसली मोठी? दोन पुरुष उंच एक बांबू आणि त्यावर शाईच्या रेघा. पण दोघांना ती म्हणजे आबांची गादी. काठी ज्याच्याकडे तो खरा उस्ताद.

आणि मला तर तिला हातही लावायची बंदी होती. बाईमाणसाने मापकाठी ओलांडली की देऊळ तिरकं होतं म्हणे. लहानपणी एकदा धावताना ओलांडली, तर आबांनी अख्खी काठी मिठाच्या पाण्याने धुऊन काढली. मी चिखलात पडले होते. मला कुणी धुतलं नाही.

आबांनी अवजारं दिली दादाला. गिऱ्हाइकं दिली ह्यांना, कारण हे हातचे शागीर्द. मला काय दिलं? एक तवा, एक कोंबडी (मेली) आणि कपडे वाळत घालायला निळी पट्टी गुंडाळलेला बांबू. नावही काय ठेवलं – बोंगची. म्हणजे 'असू दे, वाढवू कशीतरी'. वाढले कशीतरी!

मला काठी नको, गादी नको. दादाने एकदा माझ्या घरी येऊन माझ्या हातची कालवं खावीत एवढंच हवंय. आबा गेल्यापासून त्याने उंबरा ओलांडलेला नाही.

९ फेब्रुवारी

अध्यक्षांनी डोकं चालवलं. (तेव्हाच मला भीती वाटली.) देऊळ दोघांना अर्धं अर्धं! मधोमध रेघ मारायची. डावी बाजू, ड्रॅगनची, एकाने करायची. उजवी, वाघाची, दुसऱ्याने. जुन्या काळी असंच करायचे – दोन उस्ताद, दोन टोळ्या, एक देऊळ. ज्याची बाजू देखणी तो जिंकला. बाजू सारख्या दिसल्या तर उलट लाज. कामाच्या जागी मधोमध तट्ट्यांची भिंत, म्हणजे एकाचं दुसऱ्याला दिसायला नको.

कौल लावला. ड्रॅगन दादाला. वाघ ह्यांना.

हे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. "लोक ड्रॅगनच्या दाराने आत येतात. ताजे असतात, मान वर करून बघतात. वाघाच्या दाराने बाहेर पडतात, तेव्हा सगळ्यांचं लक्ष चपलांकडे!"

म्हटलं, अहो, मग चपलांजवळ चांगलं काहीतरी करा.

तोंड भिंतीकडेच. पेज मात्र तीन वाट्या प्यायले.

१६ फेब्रुवारी

दोन्ही टोळ्यांचा स्वयंपाक माझ्याकडे. एका पातेल्यातलं दोघं खाणार नाहीत म्हणून दोन पातेली. ड्रॅगनचं पातेलं, वाघाचं पातेलं. भात तोच, मासा तोच, मुळा तोच. तरी वाघवाले म्हणतात, "वहिनी, तिकडे मीठ बरोबर पडतं असं ऐकलं." आणि ड्रॅगनवाले म्हणतात, "बोंगचीताई, नवऱ्याच्या पातेल्यात मासे जास्त ना?"

उद्यापासून दोघांना उपाशी ठेवते.

२० फेब्रुवारी

मी हेर झाले आहे.

तट्ट्याच्या दोन्ही बाजूंना जाणारी मी एकटीच. दादा हळूच म्हणाला, "बोंगे, त्याने तुळईखाली काय बसवलंय? सिंह?" म्हटलं, हो. "तोंड उघडं की मिटलेलं?" म्हटलं, उघडं. "जीभ?" मी काय सिंहाच्या तोंडात हात घालून बघितलं?

दुपारी कळलं, दादा हलणाऱ्या जिभेचा सिंह करतोय.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं. मी सांगितलं. सांगायला नको होतं! ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सिंह काढून टाकला. आता हत्ती करणार!

म्हटलं, तुम्ही हत्ती कधी पाहिलाय?

"पाहायला कशाला लागतो? मोठा, कान मोठे, पुढे नाक."

२७ फेब्रुवारी

हत्ती झाला. म्हैस आहे. म्हशीच्या तोंडाला कुणीतरी पाण्याचा पाइप जोडलाय.

मी म्हटलं, छान आहे. लग्न टिकवायचं तर काही ठिकाणी असं म्हणावं लागतं.

१ मार्च

दादाला कळलं (माझ्याकडूनच, दुसरं कोण!) तो म्हणाला, "हत्ती? मग मीही हत्ती." त्यानेही पाहिलेला नाही. त्याची रानडुकरासारखी काहीतरी वस्तू झालीये.

आता देवळात दोन हत्ती. एकालाही हत्तीने ओळखलं नसतं.

६ मार्च

परांची बांधायला बांबू कमी पडले. हे म्हणाले, परसातला तुझा निळा बांबू दे. मी म्हटलं, त्याला हात लावायचा नाही. आबांकडून आलेली एवढीच वस्तू शिल्लक आहे, तवा जळला, कोंबडी मेली.

"अगं बांबू आहे तो."

"माझे झगे, तुमच्या चड्ड्या कुठे वाळत घालू? हत्तीच्या सोंडेवर?"

शेजारणीचा नेला.

११ मार्च

आज नको ते पाहिलं.

छपराच्या कोपऱ्याखाली एक ठेंगू माणूस उकिडवा बसलेला असतो ना, खांद्यावर सगळा कोपरा पेलत – डोळे बाहेर, गाल फुगलेले, हमालच जणू. आबा सांगायचे, जुन्या सुतारांचा कुणावर राग असला की ते त्याचा चेहरा तिथे कोरायचे. पेल बाबा, जन्मभर पेल. पुढच्या पिढ्याही हसतात.

ह्यांनी कोपऱ्यात फडक्याने झाकून काहीतरी ठेवलं होतं. जेवण द्यायला गेले, फडकं उचललं.

दादा!

ते नाक, ती भुवई, तो वरचा पुढे आलेला ओठ. दादा उकिडवा बसून देवळाचा कोपरा पेलतोय आणि डोळ्यांतून पाणी येईल अशी कळ लागलीये त्याला. हुबेहूब. जिवंत! माझ्या तोंडून हुंदका निघणार होता, निघालं हसू. मग रडू आलं. हे लोकांना दिसलं की दादा या जन्मात माझ्या घरी येत नाही.

१२ मार्च

ह्यांना सहज म्हटलं, त्या कोपऱ्यातल्याचं नाक जरा लहान करा, बरं दिसेल.

"बघितलंस?"

"नाही हो, असंच, वाटलं."

संध्याकाळी बघितलं तर नाक आणखी दोन बोटं वाढवलंय.

१३ मार्च

आता दादाच्या कोपऱ्यात बघितलं. मन म्हणत होतं, बघू नकोस. बघितलं.

आमचे हे!

टक्कल, दोन्ही बाजूला चार-चार केस, हनुवटीवरची चामखीळसुद्धा. आणि कोपऱ्याचा भार असा की पाठीला बाक आलाय, तोंड उघडं, पुढचे दात तीनच! हे तर खोटं आहे, ह्यांना पुढे चांगले पाच आहेत.

दोघांनी एकमेकांना न सांगता एकच केलं! एकाच गुरूचे शिष्य, काय बोलावं.

मी कुणाला सांगितलं नाही. हेरगिरी बंद. कानाला खडा.

२४ मार्च

अध्यक्षांना म्हटलं, आढं चढवायच्या दिवशी कोपरे लाल कापडाने झाकून ठेवू या. शुभ असतं.

"कोणी सांगितलं शुभ असतं?"

"सगळे म्हणतात."

"मी तर कधी ऐकलं नाही. अगं, लोक बघायलाच येणार ना! झाकून काय उपयोग?" डोकं उकळलं त्यांचं.

मात्सू आजीला म्हटलं, तू तरी बघ काहीतरी. कौल लावला नाही. परत हसली तर मला सहन होणार नाही.

३ एप्रिल

मापाचा घोळ. काठी नाही, म्हणून दोघांनी आपापल्या आठवणीने आपापली नवी काठी केली. आबा कसं बसून मोजायचे, आढ्याची लाल खूण कुठे असायची – दोघांना स्वच्छ आठवतं. फक्त वेगवेगळं आठवतं. दादाची बाजू तीन बोटं उंच.

हे मला म्हणाले, "तुझ्या भावाला सांग, लहानपणापासून त्याला खोटं आठवायची सवय आहे."

दादा मला म्हणाला, "तुझ्या नवऱ्याला सांग, आबा मोजत असताना हा झोपलेला असायचा."

दोन्ही निरोप दिले नाहीत. दोघांनाही सांगितलं, तो म्हणतोय तू बरोबर आहेस. दोघंही दिवसभर गोंधळलेले. बरं वाटलं मला.

१९ एप्रिल

उद्या आढं. शुभ घटका सकाळची. आढ्याच्या दोन टोकांना दोन उस्ताद उभे राहणार. दादाने आशीर्वादाची ओळ म्हणायची, ह्यांनी उत्तर द्यायचं, तेव्हा लोकांनी "होऽ!" म्हणून अर्ध्यावर आणलेलं आढं दोरांनी वर ओढायचं. उत्तर नाही तर आढं चढत नाही. चालच आहे तशी.

हे म्हणतात, उत्तर अध्यक्षांना द्यायला लावा.

अध्यक्ष म्हणतात, मला वर चढलं की चक्कर येते.

२० एप्रिल

लिहिते. पोट हसून अजून दुखतंय.

बायकांनी आढ्याजवळ उभं राहायचं नाही, म्हणून मी समोरच्या शेवयांच्या गाड्यामागे. सगळा गाव. फटाके. तट्टे काढले. आणि पहिल्यांदा देऊळ अख्खं दिसलं. दोन्ही बाजू दोन तऱ्हेच्या, एक शिडशिडीत, एक ठेंगणी. मध्ये रेघ मारल्यासारखी. आणि तरी – काय सांगू! आबा असते तर कंबरेवर हात ठेवून उभे राहिले असते.

मग कुणीतरी कोपऱ्याकडे बोट केलं.

"अरे, हा तर चुइबोक!"

"आणि तिकडे थिआमलाइ! दात बघ, दात!"

गाव असा हसला की शेवयांच्या कढईतलं पाणी हललं. (गाडेवाल्याने हसत पळी आपटली म्हणून. पण हललं.)

आढं तोपर्यंत दोरावर अर्धं वर गेलेलं. दोर धरून वीस-पंचवीस माणसं. आणि वर परांचीवर एका टोकाला दादा, दुसऱ्या टोकाला हे. दोघं वळले. दादाने स्वतःला पाहिलं. ह्यांनी स्वतःला पाहिलं. संपलं, म्हटलं. आता दादा खाली उतरेल आणि कायमचा जाईल.

दादा आधी अध्यक्षांकडे बघत म्हणाला, "त्याला विचारा, माझं नाक असं आहे का!"

अध्यक्ष दोर धरून लाल झाले होते. "मी कुणाला काही विचारणार नाही! बोला एकमेकांशी, नाहीतर सोडतो हा दोर!"

आणि दादा फिरला. सरळ ह्यांच्याकडे. इतक्या वर्षांनी!

"थिआमलाइ! माझं नाक असं आहे?"

"त्याहून मोठं आहे! लाकूड संपलं!"

"आणि तुझे दात तीन नाहीत का?"

"पाच आहेत! मोज, ये इकडे!"

"इथून काय मोजू? बोळक्या!"

"तुझा हत्ती म्हणजे डुक्कर आहे!"

"तुझी म्हैस आहे!"

खाली दोरवाले ओरडत होते, "अहो उस्ताद, हात सुटतायत! भांडा, पण आधी आढं चढवा!"

मग दादा कोपऱ्याकडे परत बघू लागला. आणि वेगळ्याच आवाजात म्हणाला, "पण मान बरोबर घेतलीस. भार मानेत नाही, खांद्यात गेलाय. आबा असंच कोरायचे."

ह्यांचं तोंड उघडंच राहिलं. तिन्ही – पाचही दात दिसले. "तुझ्याही त्याची पाठ... आबांचीच पाठ आहे ती."

आणि दादाने ओळ म्हटली. ह्यांनी उत्तर दिलं. "होऽऽ!" आढं चढलं. तीन बोटं तिरकं बसलं. आढ्यावर ठेवलेलं पूजेचं संत्रं गडगडत वाघाच्या बाजूला आलं आणि बरोबर गाडेवाल्याच्या कढईत पडलं. दादाने ह्यांना म्हटलं, "पाचर दे." ह्यांनी दिली. म्हणजे ह्यांच्याकडे ती आधीपासून तयार होती!

मी शेवयांच्या गाड्यामागे बसून रडले. गाडेवाल्याने फुकट एक वाटी दिली. संत्र्याची.

२६ एप्रिल

दादा आला! जेवायला! उंबरा ओलांडून!

परसातून आला, कारण पुढे दारात चपलांची गर्दी, ह्यांची पोरं – म्हणजे शागीर्द – सगळे जेवायला. परसात माझे कपडे वाळत होते. दादा थबकला. "बोंगे, बायकांच्या कपड्यांखालून जायला लावतेस? उस्तादाला? पुढचं देऊळ वाकडं होईल!" मग कंबर वाकवून, डोकं दोन्ही हातांनी झाकून, निळ्या बांबूला वळसा घालून आत आला. हे खो खो हसले. "त्यात माझ्याही चड्ड्या आहेत, त्या चालतात का?"

"त्याच तर जास्त अशुभ."

कालवं तीन ताटं खाल्ली. मी उभी राहून बघत होते. एवढंच तर हवं होतं मला.

मग काठीचा विषय निघाला. आता पुन्हा जुंपणार, म्हटलं. पण नाही! दोघांचं एकमत झालं. तू नाही, मी नाही, म्हणजे तिसराच कुणीतरी चोर! अध्यक्ष? गावातला तो दुसरा सुतार? दोघंही उठले, देवळाच्या दिशेने हात जोडले आणि एकत्र शाप दिला. दादा म्हणाला, "ज्याच्या घरात आबांची काठी असेल, त्याचं पोट जन्मभर बिघडो!" हे म्हणाले, "आणि दात पडोत!" दोघं एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. मी आणखी कालवं वाढली.

दादा जाताना म्हणाला, "रविवारी पुन्हा येतो."

२७ एप्रिल

पोट बिघडलंय. कालवं शिळी असावीत.

२८ एप्रिल

कडक ऊन. ह्यांच्या चड्ड्या वाळत घालताना निळ्या बांबूवरची पट्टी टोकापाशी सुटली. ओढली. सालीसारखी निघत गेली. खाली शाईच्या रेघा. लांबच लांब. आबांचं अक्षर. मधोमध आढ्याची लाल खूण.

पट्टी आबांनीच गुंडाळली होती. शेवटच्या वर्षी स्वतःच्या खांद्यावरून आणला होता बांबू. म्हणाले होते, "याच्याइतका सरळ गावात नाही. रोज वापर. मागायला आले तरी कुणाला देऊ नकोस." मला वाटलं होतं, कंजूषपणा.

देवळात गेले. एकटी. कौल लावला. दोघांना सांगू का? हसली. मग नको सांगू? हसली. शेवटी विचारलं, आबांनी ती मलाच दिली होती ना?

एक उताणा, एक पालथा. हो. तीनदा टाकले. तिन्ही वेळा हो.

घरी आले. पट्टी परत गुंडाळली, घट्ट. चड्ड्या अजून ओल्या होत्या.